पहिल्या कॅम्पेनसाठी जग उभं करताना: सात राज्यं ठेवा बाजूला, एक घाट घ्या

डी अँड डी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, हा टेबलाभोवती बसून पात्रं रंगवत, डाइस टाकत खेळायचा कल्पित साहसाचा खेळ. तो चालवायला मी उभ्या केलेल्या पहिल्या जगात सात राज्यं होती. चार हजार वर्षांचा इतिहास होता. राजघराण्याची वंशावळ ए-थ्री कागदावर मावेना म्हणून खाली दुसरा कागद चिकटवला होता. आठ महिने खपलो. पहिल्या सेशनला, म्हणजे खेळाच्या बैठकीला, पाच जण कोथरूडच्या एका फ्लॅटवर जमले, पार्टी (त्यांच्या पात्रांची टोळी) नदीकाठी पोचली, आणि एकानं विचारलं, "हा नावाडी पलीकडे न्यायचे किती घेतो?"

मला माहीत नव्हतं. मी काहीतरी आकडा ठोकला. त्यावर घासाघीस सुरू झाली, मग नावाड्याच्या घरी कोण कोण आहे याची चौकशी, मग त्याची नाव गळते का याची तपासणी. अडीच तास गेले. सातांपैकी एकाही राज्याचं नाव त्या दुपारी कुणाच्या तोंडी आलं नाही.

तुम्ही दोन-चार वेळा खेळाडू म्हणून डी अँड डी किंवा तशा जातीचा टेबलटॉप गेम खेळला असाल, आणि भरात येऊन "पुढचं कॅम्पेन (अनेक सेशन चालणारी गोष्ट) मी चालवतो" असं बोलून बसला असाल, तर हे तुमच्यासाठी. नियम कसे चालवायचे ते इथं नाही. जग कुठून सुरू करायचं आणि कुठं थांबायचं, एवढंच आहे.

आधी हे गोळा करा

- शंभर पानी वही. अॅप नको, वहीच. का ते शेवटी येईल.
- षटकोनी चौकटींचे चार-पाच कागद. नेटवरून छापून घ्या, नाहीतर साधा आलेखकागद चालतो.
- सात डाइसचा एक संच: चार, सहा, आठ, बारा आणि वीस बाजूंचा एकेक, आणि दहा बाजूंचे दोन.
- नियम. डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीचा मूळ नियमसंग्रह (एसआरडी ५.१) जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली फुकट मिळतो. जाडजूड पुस्तकं पहिल्या दिवशी घ्यायची गरज नाही.
- पेन्सिल आणि खोडरबर. पेनानं नकाशा काढू नका. मी काढला होता.

१. एकच जागा निवडा

नवीन माणूस वरून सुरुवात करतो: विश्वाची उत्पत्ती, देवांचं युद्ध, खंड, राज्यं, आणि शेवटी वेळ उरला तर गाव. खेळाडू मात्र गावातच येऊन बसलेले असतात.

ज्यांनी हा प्रकार सुरू केला तेही खालूनच वर गेले. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचं डी अँड डी १९७४ साली छापून आलं. गायगॅक्सचं ग्रेहॉक हे जग आधी एका किल्ल्याखालचं भुयार होतं. मग भुयारातून वर आलेल्यांना सामान विकत घ्यायला, झोपायला जागा हवी म्हणून शेजारी शहर आलं. त्या जगाचा नकाशा स्वतंत्रपणे प्रसिद्ध व्हायला १९८० उजाडलं. तोवर लोक त्यात वर्षानुवर्षं खेळत होते.

तेव्हा पहिल्या तीन सेशनमध्ये पार्टी चालत जिथवर जाईल तेवढंच बांधा. मी दुसऱ्या खेपेला एक घाट घेतला. वर एक बाजारगाव, खाली एक बंदर, मध्ये जकातीची चौकी. दोन संध्याकाळींत झालं.

२. राजे नंतर, जमीन आधी

घाटच का? कारण घाट असला की गोष्टी आपोआप सुचतात, आणि आपल्याकडच्या वाचकाला सह्याद्री समजावून सांगावा लागत नाही.

नाणेघाट आठवा. कल्याणच्या बाजूनं वर जुन्नरकडे जाणारी सातवाहनांच्या काळातली व्यापारी वाट. खिंडीच्या तोंडाशी दगडात कोरलेला भलामोठा रांजण आहे, जकातीची नाणी त्यात टाकत असं सांगतात. जवळच्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे, त्यात यज्ञांची आणि दानांची यादी. एवढंच हाताशी धरलं तरी प्रश्नांची माळ लागते. रांजण भरला की तो रिकामा कोण करतं? पैसे राणीपर्यंत पोचतात की वाटेत झिरपतात? जकात चुकवायची चोरवाट कुठली, आणि ती कोणाला माहीत आहे? खालून मीठ वर येतं, वरून धान्य खाली जातं, ते लमाणांच्या बैलांवर. तांडा आला नाही तर वरच्या गावात किती दिवसांनी बोंब होईल?

यातला प्रत्येक प्रश्न म्हणजे एकेक सेशन आहे. देवांच्या युद्धातून इतकं निघत नाही, माझा अनुभव आहे.

पाऊस कुठून येतो ते एकदा ठरवून टाका. महाबळेश्वरला वर्षाला साधारण सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तिथून पूर्वेला माण-खटावात पाचशेच्या आसपास. ढग डोंगरावर रिकामे होतात, पलीकडे कोरडं. तुमच्या डोंगराच्याही एका बाजूला भात आणि दुसऱ्या बाजूला बाजरी येऊ द्या, म्हणजे दोन्हीकडच्या लोकांचं जेवण, घरांची छपरं आणि एकमेकांबद्दलचे टोमणे वेगळे होतील.

नकाशातली हमखास चूक म्हणजे नदी. नवशिक्याच्या नकाशात नदी वरून येते आणि समुद्राकडे जाताना तिला फाटे फुटतात. मुखाजवळचा त्रिभुज प्रदेश सोडला तर नद्या अशा फुटत नाहीत, त्या एकमेकींना येऊन मिळतात. आणि नदी जलविभाजक, म्हणजे पाणी दोन बाजूंना वाटणारा माथा, ओलांडून जात नाही. महाबळेश्वरच्याच डोंगरात कृष्णाही उगम पावते आणि सावित्रीही. सावित्री पश्चिमेला उतरून बाणकोटच्या खाडीला लागते, कृष्णा अख्खा देश पार करून बंगालच्या उपसागराला. एका डोंगरात दोन दिशा. माझ्या जगातला सगळ्यात जुना तंटा याच्यावरच उभा आहे: माथ्यावरचा एक झरा कुठल्या बाजूला वळवायचा.

३. अंतर आणि पैसे

याला कंटाळू नका, अर्ध्या तासाचं काम आहे.

नियमांप्रमाणे पार्टी दिवसाला २४ मैल, म्हणजे ३८ किलोमीटरच्या आसपास चालते. एक षटकोन सहा मैलांचा धरला की दिवसाला चार षटकोन. पण हे धडधाकट, मोजकं सामान घेतलेल्या चार-पाच माणसांचं चालणं झालं. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटरला पालखीला जवळजवळ तीन आठवडे लागतात, कारण बरोबर म्हातारीकोतारी आहेत, मुक्काम आहेत, रिंगण आहे. लोंढा, सैन्य, तांडा, वऱ्हाड हलवायचं असेल तर षटकोन अर्धे करा. घाट असेल तर आणखी अर्धे.

पैशांचं कोष्टक सरळ आहे. सोन्याचं एक नाणं म्हणजे चांदीची दहा, तांब्याची शंभर. आता हे बघा: बिनकसबी मजुराची रोजची मजुरी चांदीची दोन नाणी. जखमा भरून काढणारी औषधाची एक कुपी सोन्याची पन्नास. म्हणजे एका कुपीसाठी मजुरानं अडीचशे दिवस राबायचं, तेही उपाशी. नखशिखांत पोलादी चिलखत सोन्याचं दीड हजार, म्हणजे वीस वर्षांची मजुरी! आपली पार्टी ते अंगावर घालून गावात शिरते आणि "इथं मुक्कामाला स्वस्तात काय मिळेल?" विचारते. गावकरी तिच्याकडे कशा नजरेनं बघतील? हे एकदा मनात मुरलं की प्रत्येक खेड्यातला संवाद बदलतो.

४. नावं

माझ्या पहिल्या जगातल्या खलनायकाचं नाव झाल'थोराक्स होतं. मध्ये तो स्वल्पविरामासारखा लोंबकळणारा काटा होता, त्याचा उच्चार काय हे मलाही सांगता येत नव्हतं. दुसऱ्या सेशनपर्यंत टेबलावर त्याचं "थोरात" झालं, आणि तिसऱ्यात "थोरात साहेब". थोरात साहेबांची भीती कुणाला वाटणार?

जी नावं जिभेला वळण देत नाहीत ती टेबलावर टिकत नाहीत. आपल्याकडे गावांच्या नावांना शेपट्या आहेत, त्या वापरा. एका मुलुखाला एक शेपटी. घाटावर सगळी -नेर, खाली सगळी -वली. नाव ऐकताच खेळाडूला कळतं की हा माणूस कुठल्या बाजूचा. लोकांना -कर लावलं की गावही कळतं.

आणि बुद्रुक-खुर्द ही जोडी तर आयती मिळालेली देणगी आहे. माझ्या नकाशावर काळझर बुद्रुक आहे. खुर्द नाही. बुद्रुकातल्या कुणालाही विचारलं तर विषय बदलतात. एवढंच लिहून ठेवलं होतं, उत्तर मीही ठरवलं नव्हतं. पार्टीनं आपणहून चार सेशन त्यात घातले.

५. जादू: इथं सगळ्यात जास्त वेळ द्या

डोंगर, गावं, पैसे यांत चूक झाली तर फारतर हसं होतं. जादूचा विचार केला नाही तर गोष्टच कोसळते.

माझा किस्सा सांगतो. घाटाच्या कोरड्या अंगाला मी दुष्काळ पाडला. सलग तिसरं वर्ष, विहिरी आटलेल्या, गावात चारशे माणसं, कोठारात धान्य आहे पण अधिकारी उघडत नाही. डोक्यात अर्थातच दामाजीपंत होते: मंगळवेढ्याचं धान्याचं कोठार बादशहाला न विचारता भुकेल्यांसाठी उघडणारे. पार्टीनं अधिकाऱ्याला वळवायचं की कोठार फोडायचं, असा पेच मी आठवडाभर घासूनपुसून तयार केला होता.

आमची ड्रूइड (निसर्गाच्या शक्तीनं मंत्र टाकणारं पात्र) पहिल्या लेव्हलची. तिनं तिची शीट (पात्राची माहिती लिहिलेला कागद) पाहिली आणि शांतपणे म्हणाली, "माझ्याकडे गुडबेरी आहे."

गुडबेरी म्हणजे पहिल्या पातळीचा मंत्र. दहा बेरी उगवतात, एक खाल्ली की माणसाचं एका दिवसाचं पोषण होतं. माझा तीन वर्षांचा दुष्काळ दहा बेरींत गुंडाळला गेला असं वाटून मला घाम फुटला. मी चहाच्या नावाखाली स्वयंपाकघरात पळालो.

तिथं ओट्याशी उभं राहून बोटांवर हिशेब केला. पहिल्या लेव्हलच्या ड्रूइडला असे मंत्र दिवसाला दोन. म्हणजे बेरी वीस. दुसऱ्या दिवशी त्या निकामी. गावात माणसं चारशे.

परत येऊन मी एवढंच म्हणालो, "बरं, वीस जणांचं झालं. कोण वीस?"

टेबल गप्प झालं. मग वाद पेटला. लहान मुलं आधी? मग त्यांच्या आया? विहीर खणणारे धडधाकट आधी, म्हणजे पाणी तरी लागेल? एका म्हातारीनं आपली बेरी नातवाला दिली तेव्हा ड्रूइडच्या खेळाडूच्या डोळ्यांत पाणी होतं. तिसऱ्या दिवशी गावातल्या एकानं तिला पळवून न्यायचा बेत केला, आणि मला तो माणूस वाईट वाटेना. कोठाराचा पेच बाजूलाच राहिला. तो माझ्या आठवडाभराच्या तयारीपेक्षा चांगला दुष्काळ होता.

तेव्हा काम असं करा. जग ठरलं की खेळाडूंच्या शीटवरच्या मंत्रांची यादी मागून घ्या. प्रत्येकापुढे दोन ओळी लिहा: हा मंत्र कुणाचा धंदा बसवतो, आणि असा मंत्र येणारी माणसं या मुलुखात किती? "किती" हा प्रश्न विसरू नका. दर गावात एक ड्रूइड असेल तर दुष्काळाचा अर्थच बदलतो. शंभर कोसांत एक असेल तर तिला गावोगावचे पाटील पालखी पाठवतील. सातव्या पातळीचा टेलिपोर्ट हा मंत्र आहे, क्षणात दुसऱ्या शहरात. ते कुणालाही साधत असेल तर माझा घाट, जकात, रांजण, सगळं मोडीत. म्हणून माझ्या जगात ते येणारा एकच जण आहे, आणि जकातवाले त्याला महिन्याला पैसे पोचवतात, त्यानं हलू नये म्हणून.

मंत्रावर सरळ बंदी घालायचा मोह होईल. घालू नका. खेळाडूनं शीटवर लिहिलेली गोष्ट काढून घेणं म्हणजे ताटावरून उठवणं.

६. देव, भुतं, राखणदार

बारा देवांचा दरबार आणि त्यांची नातीगोती कुणी वाचत नाही. एका गावाला एक देव पुरे, आणि त्याला एक हट्ट द्या. आपल्याकडे वेशीवर म्हसोबा, पाणवठ्यावर सात आसरा, देवराईत काठीही तोडायची नाही. प्रत्येकाची हद्द ठरलेली, प्रत्येकाचं काहीतरी मागणं. खेळाला नेमकं हेच लागतं.

पण लोक आजही ज्यांना हात जोडतात ते देव नावानिशी उचलून त्यांना हिट पॉइंट (किती मार सोसेल त्याचे गुण) लावू नका. कुणाच्या घरी कुलदैवत कोण आहे ते तुम्हाला ठाऊक नसतं. घडण घ्या, नाव नवं द्या.

आमचा क्लेरिक (देवाच्या नावानं मंत्र टाकणारं पात्र) खेळणारा मालवणचा. त्याला देव सांगितला "वाटेचा राखणदार", बाकी काही नाही. पहिल्यांदा मंत्र टाकायची वेळ आली तेव्हा तो खुर्चीतून उठला, हात जोडले आणि थेट गाऱ्हाणंच सुरू केलं, ही पोरां तुझ्या वाटेर इलीत, काय चुकला-माकला तर पदरात घे. प्रत्येक ओळीला बाकीच्या चौघांनी "व्हय महाराजा!" ठोकलं. देवाचा धर्मग्रंथ मला लिहावाच लागला नाही.

७. सेशन झीरो: जातीचं काय करायचं?

खेळ सुरू करण्याआधी एकदा नुसतं बोलायला बसा. कुठला विषय नको, काय चालेल, हे विचारून घ्या. आपल्याला यात एक प्रश्न जास्तीचा आहे. मराठी खेडं उभं करायचं म्हटलं की बलुतेदारी येते, आणि तिच्यामागून जात येते. सुतार-लोहार-कुंभार घेतले, रंगीत खेडं झालं, आणि वेशीबाहेर कोण राहायचं ते सोयीस्कर विसरलं, असं माझ्या हातून झालं होतं. एका खेळाडूनं ते दाखवून दिलं. तो चिडला नव्हता, पण गंमत म्हणूनही बोलला नव्हता.

दोनच प्रामाणिक वाटा आहेत. एक, तुमच्या जगात कामं वाटली कशी जातात ते मुळापासून नवं ठरवा. दोन, अन्याय आणायचाच तर तो कथेचा विषय करा, सजावट नको, आणि टेबलावरच्या प्रत्येकाचा होकार घ्या. "ऑर्क (खेळातली एक राक्षसी जमात) जन्मतःच दुष्ट" हे वाक्य याच चाळणीतून काढा. आम्ही पहिली वाट घेतली.

८. बोलण्याची पट्टी

नियम इंग्रजीत, खेळ मराठीत, असं होणारच. "मी अटॅक रोल करतो" चालू द्या, त्याचं भाषांतर करत बसू नका. तुमचं भांडवल दुसरीकडे आहे: तू, तुम्ही, आपण.

चौकीवरचा जकातदार आमच्या पार्टीशी बोलत होता. क्लेरिकला "या महाराज", बाकीच्यांना "तुम्ही". हाफलिंगला (ठेंगण्या जमातीतल्या पात्राला) मात्र "तुझ्या पोतडीत काय आहे रे?" मी ते ठरवून केलं, पण बोललो काही नाही. दोन मिनिटांनी हाफलिंगचा खेळाडू म्हणाला, "थांबा, हा मला एकट्यालाच अरे-तुरे का करतोय?" त्या मुलुखात हाफलिंगांचं काय स्थान आहे हे सांगायला मला परिच्छेदभर वर्णन लागलं नाही.

बोलीही वापरा, पण कोल्हापुरी म्हणजे पैलवान, मालवणी म्हणजे विनोद, असा साचा पडतो. माझ्या जगातली सगळ्यात हुशार मुत्सद्दी बाई "कुठं निघालासा?" म्हणूनच सुरुवात करते.

९. वही

दर सेशननंतर, त्याच रात्री, एक पान. तुम्ही ऐनवेळी काय काय ठोकून दिलंत ते: नावं, भाव, नाती, कोण कुणावर रागावलंय. सकाळपर्यंत विसरता. अॅपमध्ये मी लिहायचो, पण खेळता खेळता शोधायला गेलो की मोबाइलवर मेसेज दिसायचे आणि सूर तुटायचा. वही उघडी ठेवता येते.

माझ्या जुन्या जगातून एकच गोष्ट नव्यात आली: तो नावाडी. पहिल्या दिवशी घाईत मी त्याचं नाव भिकू सांगितलं आणि लिहून ठेवलं नाही. नव्या जगात, खाली बंदराजवळ, तो पुन्हा आला आणि मी त्याला धोंडू म्हणालो. पाचही माना एकदम वर झाल्या.

"भिकूचं काय झालं?"

मी "अरे हो, भिकूच" म्हणणार होतो. त्याआधीच आमची ड्रूइड म्हणाली, "याच्या हातात भिकूचं वल्हं आहे. मी ओळखते." दुसऱ्यानं लगेच नावेत रक्ताचे डाग शोधायला डाइस टाकला. वीस पडले. वीस पडल्यावर डाग नाहीत असं कसं म्हणणार?

तेव्हापासून चार सेशन भिकूच्या खुनाचा तपास चाललाय. खून कुणी केला ते मला अजून माहीत नाही, रविवारी कळेल. नावेचं भाडं मात्र आता वहीत पक्कं आहे: माणशी तांब्याची दोन, बैलाला पाच.